अडुळसा घ्यायचा तर: पान किती, पुरावा किती

कराडपासून शिराळ्यापर्यंत ओढ्याकाठच्या कुठल्याही बांधावर जा, अडुळसा दिसतोच. शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला तो बरा. तमिळमध्ये त्याच्या नावाचा अर्थच 'शेळी न शिवणारं पान' असा लावतात, आणि शास्त्रीय नावातलं 'अधाटोडा' तिथूनच आलं. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले, फडात पाचट पेटलं, कृष्णाकाठी सकाळचं धुकं धुरात मिसळायला लागलं, की घरोघरी खोकला लागतो आणि या पानांची आठवण होते. कुणी पाल्याचा काढा करतं, कुणी 'अडुळसा' असं ठळक लिहिलेली बाटली आणतं, कुणाला डॉक्टर ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी गोळी लिहून देतात.

या तिन्हींचं गोत्र एक आहे, पण पुरावा तिन्हींचा निराळा. गोंधळ होतो तो इथेच. गोळीवर झालेल्या चाचण्यांचा दाखला बाटलीच्या जाहिरातीत येतो आणि बाटलीच्या भरवशावर घरातला काढा महिनाभर चालू राहतो. कशाला किती आधार आहे, घ्यायचं तर मोजून कसं, आणि कुठे थांबायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी खोकल्याचा हिशेब

साध्या सर्दीनंतरचा खोकला किती दिवस टिकतो? लोकांना विचारलं तर आठवडा, फार तर नऊ दिवस असं उत्तर येतं. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली, ती आली १७.८ दिवस. म्हणजे अडीच आठवडे.

हा आकडा डोक्यात ठेवला की बरेच चमत्कार उलगडतात. माणूस आठ-नऊ दिवस अंगावर काढतो, दहाव्या दिवशी वैतागून काढा सुरू करतो, पंधराव्या दिवशी खोकला उतरतो. श्रेय काढ्याला जातं. त्या दिवसांत कोमट पाणी प्यायलं असतं तरी तो उतरलाच असता. म्हणून 'आमच्याकडे सगळ्यांना गुण आला' या वाक्यातून औषधाबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते तेव्हाच, जेव्हा सारखेच रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले जातात, एकाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला-चवीला तसंच पण निष्क्रिय काहीतरी दिलं जातं, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही.

पानापासून गोळीपर्यंत

अडुळशाच्या कडू चवीमागे क्विनॅझोलिन गटातली अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं आहेत. त्यातलं मुख्य व्हॅसिसिन. डेव्हिड हूपर यांनी ते १८८८ साली पानातून वेगळं केलं. पान वाळताना, हवेशी संबंध येताना व्हॅसिसिनचा काही भाग ऑक्सिडीकरण होऊन व्हॅसिसिनोन बनतो. १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात अमीन आणि मेहता यांनी व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करतं असं दाखवलं. व्हॅसिसिनचं वागणं मात्र सरळ नाही. काही प्रयोगांत ते नलिका रुंद करतं, काहींत उलट आकुंचित करतं. दोन्ही एकत्र असताना परिणाम रुंदावण्याकडे झुकतो. हे सगळं प्राण्यांवर किंवा प्राण्यांच्या ऊतींवर केलेलं काम आहे. माणसाच्या छातीत काढ्याचा एक घोट नेमकं काय करतो, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

पुढचा टप्पा जर्मनीतला. व्हॅसिसिनची रचना समोर ठेवून रसायनज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवलं आणि १९६३ साली ते बाजारात आलं. ब्रोमहेक्सिनच्या रेणूत ब्रोमीनचे दोन अणू आहेत, अडुळशाच्या व्हॅसिसिनमध्ये एकही नाही. म्हणजे गोळी झाडातून काढलेली नाही, झाडावरून सुचलेली आहे. शरीरात ब्रोमहेक्सिनचं विघटन होऊन जे पदार्थ बनतात त्यातला एक म्हणजे अँब्रोक्सॉल. तो पुढे स्वतंत्र औषध म्हणून आला. दोन्हींचं काम चिकट बेडका पातळ करणं, म्हणजे श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना तो वर ढकलता येतो. आवळलेली नलिका सैल करणं हे त्यांचं काम नव्हे. हा फरक दम्याच्या रुग्णाच्या जिवाचा आहे, त्यावर पुढे.

आता चाचण्या. जुनाट ब्राँकायटिस आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांच्या रुग्णांना कफ पातळ करणारी औषधं रोज दिली तर काय होतं, याचा कोक्रेन आढावा, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, २०१९ साली अद्ययावत झाला. ३८ चाचण्या, १०,३७७ रुग्ण, आणि त्यात अँब्रोक्सॉलबरोबर इतरही औषधं. निष्कर्ष असा की आजार अचानक बळावण्याचे प्रसंग थोडे कमी होतात, इतके थोडे की हिशेब साधारण तीन वर्षांत एक प्रसंग वाचण्यावर येतो. फुप्फुसाच्या क्षमतेत विशेष फरक नाही. एकट्या अँब्रोक्सॉलची मोठी चाचणी २००४ साली इटलीतून प्रसिद्ध झाली. त्यात २४२ सीओपीडी रुग्णांना वर्षभर ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा दिलं. वर्षाअखेर एकदाही आजार न बळावलेले रुग्ण औषधाच्या गटात ५६ टक्के, नकली औषधाच्या गटात ५३ टक्के. हा फरक योगायोगाने पडण्याइतका किरकोळ आहे. ज्यांचा त्रास सुरुवातीलाच जास्त होता त्यांच्यात मात्र फरक मोठा दिसला. पण असा उपगट नंतर वेगळा काढून मिळालेला निकाल इशारा म्हणून घ्यावा, सिद्धता म्हणून नव्हे.

आणि खुद्द अडुळसा? त्याच्या अर्कावर माणसांत झालेल्या चाचण्या मोजक्या आणि छोट्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चांगल्या चाचणीत सर्दी-खोकल्याच्या १७७ प्रौढांना तीन वनस्पतींचं मिश्रण, ब्रोमहेक्सिन किंवा निष्क्रिय द्रव दिला. मिश्रणाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकला जरा लवकर हलका झाला. पण मिश्रणात अडुळशाबरोबर एकिनेशिया आणि एल्युथेरोकोकसही होते, आणि चाचणी पाच दिवसांची होती. गुण कुणाचा ते त्यातून निघत नाही, आणि जुनाट दम्याबद्दल तर त्यात काहीच नाही.

एकूण हिशेब असा: गोळीला पुरावा बऱ्यापैकी आहे पण परिणाम माफक. बाटलीतल्या अर्काला पुरावा थोडा. घरच्या काढ्याला परंपरेचा आधार मोठा, चाचण्यांचा जवळजवळ नाही. काढा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. आठ-दहा दिवसांच्या साध्या खोकल्यात कफ सुटायला मदत व्हावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

बाटली वाचताना

मेडिकलमध्ये 'अडुळशाची बाटली द्या' म्हटलं की पुढे दोन अगदी वेगळ्या जातींच्या बाटल्या येऊ शकतात. मागच्या बाजूचा बारीक मजकूर भिंगातून का होईना, पण वाचा.

पहिली जात आयुर्वेदिक. तिच्यावर 'वासा' हे अडुळशाचं संस्कृत नाव असतं आणि पुढे पानाचा स्वरस (ताजा रस), क्वाथ (काढा) की घनसत्त्व (आटवलेला अर्क) ते लिहिलेलं असतं. इथे साधं गणित करा. समजा दर ५ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. घनसत्त्व आहे आणि ते दहास एक या प्रमाणात आटवलेलं आहे. मग एका मापात १ ग्रॅम पानाचा ऐवज आला. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, काढ्यासाठी सुक्या पानाचं प्रमाण १० ते २० ग्रॅम दिलं आहे. दिवसाला तीन मापं घेतलीत तरी ३ ग्रॅम होतात, उरलेली साखर आणि वेलदोड्याचा वास. आटवण्याचं प्रमाणच लिहिलेलं नसेल तर हे गणित करता येत नाही, आणि ती बाटली ठेवून दुसरी मागण्याला तेवढं कारण पुरेसं आहे. सरबताच्या रूपातल्या बहुतेक बाटल्यांत साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर बिनसाखरेची मागा. वासारिष्ट या अडुळशाच्या आंबवलेल्या औषधात किण्वनातून तयार झालेला अल्कोहोल असतो, तो लेबलावर टक्क्यांत छापलेला असतो. लहान मुलांना आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांना ते नको.

दुसरी जात ॲलोपॅथीची. तिथे दर ५ मि.लि.मध्ये ब्रोमहेक्सिन ४ मि.ग्रॅ., टर्ब्युटालिन १.२५ मि.ग्रॅ., ग्वायफेनेसिन ५० मि.ग्रॅ. आणि थोडं मेंथॉल, अशा धर्तीचा मजकूर दिसतो. यातलं टर्ब्युटालिन नलिका सैल करतं, पण हृदयाचे ठोकेही वाढवतं. रात्री ढास थांबेना म्हणून बाटली तोंडाला लावून अंदाजे चार मापं घशाखाली घातली, की हात थरथरतात, छातीत धडधडतं. मग माणूस हार्ट अटॅकच्या भीतीने दवाखाना गाठतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आणि थायरॉइड वाढलेल्यांनी ही बाटली डॉक्टरला न विचारता घेऊच नये.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली बाटली खोकल्याची उबळ दाबते. छातीत कफ घरघरत असताना ती घेणं म्हणजे चाकांना पाचर मारून बैल हाकणं. एकीकडे ब्रोमहेक्सिनने कफ सुटतोय आणि दुसरीकडे तो बाहेर टाकायची उबळच बंद. क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते आणि कफ सुकतो. रात्री ट्रॅक्टर घेऊन ऊस कारखान्यावर न्यायचा असेल, तर त्या बाटलीला हात लावू नका.

माप घरातल्या चमच्याने घेऊ नका. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, देवपूजेची पळी, सगळ्यांत वेगवेगळं मावतं. झाकणाचं माप डोळ्यांच्या पातळीला धरून रेघेपर्यंत भरा.

ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल चालू असताना अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर औषध तिथेच बंद करून डॉक्टरकडे जा. असे गंभीर त्वचाविकार फार क्वचित होतात, पण २०१५ साली युरोपच्या औषध नियामकाने याचा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला आहे. पोटात अल्सर असेल तरी आधी विचारा.

मुलांच्या बाबतीत हात आखडता घ्या. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे मुलं दगावली. त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकोल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन निघालं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध द्या. मधावर २०१८च्या कोक्रेन आढाव्यात ६ चाचण्या आणि ८९९ मुलं होती. काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकला कमी झाला, निदान पहिले तीन दिवस. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आणि मधाचं गाव म्हणून ओळखलं जाणारं मांघर जवळच आहे, खात्रीचा मध मिळायला अडचण नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटाने चाटवायलासुद्धा मध नको. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

पान ओळखणं आणि तोडणं

अडुळशाची पानं समोरासमोर जोडीने येतात, भाल्याच्या पात्यासारखी, वितीएवढी लांब होऊ शकतात. कड सलग, दातेरी नाही. पान चुरगळलं की उग्र, हिरवट वास येतो आणि तुकडा चावला की कडूपणा जिभेवर बराच वेळ राहतो. फूल पांढरं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. उघडलेल्या जबड्यासारखं दिसतं म्हणून संस्कृतात 'सिंहास्य'. शेजारच्या परसात 'काळा अडुळसा' असू शकतो. त्याची पानं अरुंद आणि गडद, खोड जांभळट-काळपट. ते वेगळं झाड आहे, या काढ्यासाठी ते घेऊ नका.

झाड बरोबर असलं तरी जागा चुकू शकते. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या बांधावरचा अडुळसा हंगामभर फवारा खात असतो. उसाच्या बांधावर तणनाशकाचा फवारा वाऱ्याने येतो. मग पान वरून हिरवंगार दिसलं तरी त्यावर काय बसलंय ते धुऊन कळत नाही, आणि आतपर्यंत भिनणारी औषधं धुऊन जातही नाहीत. महामार्गालगतचा पालाही नको. परसातलं, आड-विहिरीजवळचं, फवाऱ्यापासून दूर असलेलं झाड निवडा.

कोवळे शेंडे आणि पिवळी पडलेली पानं सोडून मधली, पूर्ण वाढलेली, गर्द हिरवी पानं तोडा. ठिपके किंवा बुरशी असलेली टाका. दोनदा वाहत्या पाण्यात धुवा, पाणी निथळू द्या आणि सावलीत फडक्यावर एक पदरी पसरा. उन्हात वाळवली तर करपतात, ढीग केला तर आतून काळी पडून कुबट वास येतो. मुठीत कडकन मोडली की वाळली. जाडसर कुटून काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि बरणीवर तारीख लिहा. पीठ करू नका, गाळताना फडकं तुंबतं.

काढा

'पाच पानं घ्या' हे माप सोडून द्या. ओढ्याकाठचं पान आणि माळावरचं पान यांत दुप्पट-तिप्पट फरक असतो. शिवाय सुक्या पानातलं अल्कलॉइडांचं प्रमाणही साधारण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतं. म्हणजे १० ग्रॅम पाल्यात ५० मि.ग्रॅ. असतील किंवा २०० मि.ग्रॅ. दुसरी अनिश्चितता आपल्या हातात नाही, पहिली आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि खालच्या मर्यादेपासून सुरुवात करा.

प्रौढ माणसासाठी एका दिवसाचं माप: सुका भरडलेला पाला १० ग्रॅम, पाणी १६० मि.लि., आटवून चौथा हिस्सा म्हणजे ४० मि.लि.

चौथा हिस्सा नजरेने ओळखता येत नाही, तिथे सगळ्यांचा अंदाज चुकतो. त्यावर सोपी युक्ती आहे. स्टीलच्या लहान, उभट पातेल्यात आधी फक्त ४० मि.लि. पाणी ओता. लाकडी काडी सरळ तळाला टेकवून उभी धरा, आणि ओल जिथवर आली तिथे सुरीने खूण करा. मग उरलेलं १२० मि.लि. पाणी आणि पाला घाला. पाला अर्धा तास भिजू द्या. झाकण न ठेवता बारीक आचेवर उकळा, मधेमधे काडी घालून पाहा. पाला फुगलेला असल्याने पातळी जरा वर दिसते, म्हणून शेवटची खात्री गाळून मोजूनच करा. कमी भरलं तर गरम पाणी घालून ४० करा, जास्त भरलं तर गाळलेलं पुन्हा आचेवर ठेवा. मोठी आच दिली की पाणी उडतं आणि पाला तळाला लागतो. जळका वास आला तर तो काढा सरळ ओतून द्या.

सकाळी २० मि.लि., संध्याकाळी २० मि.लि., जेवणानंतर. संध्याकाळचा हिस्सा झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि कोमट करून घ्या. दुसऱ्या दिवसाला उरवू नका, काढा आंबतो. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर एक छोटा चमचा. गुळाचा खडा घालून उकळण्याची पद्धत आपल्याकडे आहे, चवीला हरकत नाही, पण मधुमेहींनी ती सोडावी. दालचिनी, मिरी, सुंठ, लवंग, हळद असं सगळं एकदम कोंबू नका. पोटात जळजळ झाली तर कशाने झाली ते कळायला मार्ग राहत नाही. हळदीचा मोह सांगलीत आवरत नाही हे खरं, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, त्यामुळे काढ्यातल्या चिमूटभर हळदीकडून श्वासनलिकेसाठी फार अपेक्षा नको.

ताजा रस हवा असेल तर मात्रा १० ते २० मि.लि. पण हे पान हट्टी आहे, नुसतं ठेचून पिळलं तर थेंबभर रस येतो आणि हात हिरवे होतात. जुन्या ग्रंथांतली पुटपाकाची पद्धत यासाठीच: पानांचा गोळा दुसऱ्या पानात गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. घरी तेच काम इडलीपात्रात होतं. पानं दहा मिनिटं वाफवा, गरम असतानाच खलबत्त्यात ठेचा, सुती फडक्यात घालून पीळ द्या. रस घ्यायचा त्या दिवशी काढा घेऊ नका, आणि ब्रोमहेक्सिनची गोळी चालू असेल तर दोन्ही नको.

सात दिवस पुरे. तोवर फरक नसेल तर मात्रा वाढवू नका, निदान करून घ्या. मळमळ, उलटी, जुलाब झाले तर तिथेच थांबा.

गरोदर बाईला अडुळसा कुठल्याही रूपात देऊ नका. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात व्हॅसिसिनवर बरंच काम झालं, ते गर्भाशय आकुंचित करणारं आणि गर्भ पाडणारं द्रव्य म्हणून. प्राण्यांत तो परिणाम स्पष्ट दिसला. सासूबाईंनी प्रेमाने करून दिलेला काढा असला तरी सुनेने तो नाकारावा, आणि दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी हेच. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे इथे चालत नाही.

दमा असेल तर

छातीत शिट्टीसारखा आवाज, पहाटे दम कोंडून जाग येणं, गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ किंवा हळद पॉलिश होते तिथे गेलं की छाती आवळणं, ही दम्याची लक्षणं. इथे डॉक्टरने दिलेला इनहेलर हाच उपाय. दम लागलेला असताना काढा उकळत बसू नका आणि काढ्याने बरं वाटतंय म्हणून रोजचा इनहेलर सोडू नका. इनहेलरची सवय लागते ही समजूत चुकीची आहे.

काही ठिकाणी दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढतात. त्यातही वनस्पतीजन्य रसायनच आहे, आणि ते नलिका रुंद करतं हेही खरं. आजचं टायोट्रोपियम हे इनहेलरमधलं औषध त्याच कुळातलं. पण इनहेलरमध्ये ते मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं असतं. पानात किती आहे ते ओढणाऱ्याला ठाऊक नसतं. भ्रम, लघवी अडणं, बेशुद्धी इथपर्यंत प्रकरण जातं.

कुठलाही काढा धुराची भरपाई करत नाही. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धुराने लुळे पडतात, मग बेडका कितीही पातळ केला तरी वर ढकलायला कुणी उरत नाही. पाचट पेटवण्याऐवजी कुट्टी करून सरीत ठेवा. हळदीच्या गोदामात, द्राक्षावर गंधक मारताना तोंडाला टॉवेल बांधून भागत नाही, बारीक कण त्यातून आरपार जातात. नाकाच्या पट्टीला दाबून बसणारा एन-९५ मास्क लागतो. चुलीला धुराडं नसेल तर अडुळशाआधी ते बसवा.

डॉक्टरकडे केव्हा

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणजे थुंकीची तपासणी. वर सांगितल्याप्रमाणे साधा खोकलाही तितके दिवस टिकू शकतो, तरी तपासणी टाळू नका. क्षयाचा खोकला सुरुवातीला वेगळा वाटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते, आशाताईंना सांगितलं तरी त्या डबी आणून देतात. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरलेला बेडका द्या. तोंडातली लाळ दिली तर तपासणी वाया जाते. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं, यांतलं काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगरखा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असे श्वास आले तर न्यूमोनियाची शंका धरून तडक दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर आकडा कितीही असो, निघा.

परसात लावायचा तर

फवारा न खाल्लेलं पान हवं असेल तर स्वतःचं झाड हाच खात्रीचा उपाय. जूनमध्ये पहिला पाऊस जमिनीत मुरला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, तपकिरी होऊ लागलेली फांदी निवडा. तीन-चार डोळे असलेले वीतभर तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्या. दोन डोळे जमिनीत, बाकीचे वर. पाणी साचणाऱ्या जागी काडी कुजते, म्हणून माती उंचवट्याची ठेवा. ओळख विसरू नये म्हणून काळ्या अडुळशापासून लांब लावा. पहिल्या वर्षी पानं तोडू नका, नंतर एका फांदीवरची अर्धी पानं ठेवून बाकीची घ्या.